क्लाउड सेवांसाठी एचटीटीपी रिक्वेस्ट कशी बांधावी

क्लाउडवरील सेवेकडून काम करून घेण्यासाठी प्रोग्रॅम तिला एचटीटीपी रिक्वेस्ट पाठवतो. या रिक्वेस्टचे चार भाग असतात. काय करायचे ते मेथड सांगते, कशावर करायचे ते पत्ता सांगतो, कोण मागतो आहे आणि मजकूर कोणत्या स्वरूपात आहे हे हेडरमधून कळते, आणि प्रत्यक्ष मजकूर बॉडीत असतो. कोडमध्ये हे चारही भाग एकत्र धरणाऱ्या ऑब्जेक्टला रिक्वेस्ट ऑब्जेक्ट म्हणतात.

बहुतेक लायब्रऱ्यांत एकाच ओळीत रिक्वेस्ट तयार होते आणि त्याच ओळीत निघूनही जाते. प्रयोगापुरते ते ठीक आहे. रोज हजारो रिक्वेस्ट पाठवणाऱ्या प्रणालीत मात्र बांधणे आणि पाठवणे ही दोन कामे वेगळी ठेवावीत. चूक पत्त्यात असो, हेडरमध्ये असो की बॉडीत, ती पाठवण्यापूर्वी ऑब्जेक्टवरच दिसू शकते. एकदा रिक्वेस्ट निघून गेली की हाती येतो तो फक्त सर्व्हरचा ४०० किंवा ४०१ असा आकडा, आणि त्यावरून मूळ चूक शोधणे कितीतरी कष्टाचे असते.

या विषयाची चांगली उदाहरणे चेन्नईत मिळतात. १९९६ साली ॲडव्हेंटनेट नावाने सुरू झालेली आणि २००९ पासून झोहो या नावाने ओळखली जाणारी कंपनी याच शहरातली. फ्रेशवर्क्सची सुरुवातही २०१० मध्ये इथेच, फ्रेशडेस्क या नावाने झाली. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये ॲझ्युअरची तीन भारतीय केंद्रे सुरू केली; त्यांतले 'साउथ इंडिया' चेन्नईत, 'सेंट्रल इंडिया' पुण्यात आणि 'वेस्ट इंडिया' मुंबईत आहे. झोहो, फ्रेशडेस्क आणि ॲझ्युअर यांच्या रिक्वेस्ट बांधण्याच्या रीती एकमेकींपासून पुरेशा वेगळ्या आहेत. त्या समजल्या की अन्य बहुतेक सेवांचे दस्तऐवज वाचणे सोपे जाते.

पत्ता

पत्त्याचे तीन तुकडे कोडमध्ये वेगळे ठेवावेत: होस्ट, पाथ आणि क्वेरी. होस्ट कधीही कोडमध्ये कोरून ठेवू नये. तो कॉन्फिगरेशनमधून यावा. झोहोच्या बाबतीत याचे कारण लगेच कळते. ग्राहकाचे खाते कोणत्या देशाच्या डेटा सेंटरमध्ये आहे त्यावर पत्ता ठरतो. भारतीय खात्यासाठी टोकन 'अकाउंट्स.झोहो.इन' इथून घ्यावे लागते, अमेरिकी खात्यासाठी '.कॉम' इथून. एका ठिकाणचे टोकन दुसरीकडे चालत नाही. टोकन अगदी ताजे असूनही ते अवैध असल्याचे उत्तर आले, तर प्रथम पत्त्याचे शेपूट तपासावे. टोकनच्या उत्तरातच 'एपीआय डोमेन' नावाचे फील्ड येते. ते टोकनसोबत जपून ठेवावे आणि पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टचा होस्ट त्यावरूनच घ्यावा.

ॲझ्युअरमध्ये पुणे आणि चेन्नई ही केंद्रे एकमेकांची जोडीदार आहेत. पुण्यातील स्टोरेज खात्यासाठी दुसऱ्या प्रदेशात प्रत ठेवण्याचा पर्याय निवडला, तर ती प्रत चेन्नईत ठेवली जाते. त्या प्रतीतून वाचण्याची सोयही घेतली असेल, तर खात्याच्या नावाला '-सेकंडरी' हे शेपूट जोडून तयार होणाऱ्या पत्त्यावर वाचनाची रिक्वेस्ट पाठवता येते. लिहिण्याची रिक्वेस्ट मात्र तिथे चालत नाही. शिवाय प्रत थोडी मागाहून अद्ययावत होत असल्याने नुकतीच चढवलेली फाइल तिथे लगेच सापडेलच असे नाही. म्हणून पत्ता ठरवणाऱ्या कोडला रिक्वेस्ट वाचनाची आहे की लेखनाची हे माहीत असायला हवे.

क्वेरीतील किंमती हाताने जोडू नयेत. त्या लायब्ररीच्या एन्कोडिंग फंक्शनमधूनच जाव्यात. 'चेन्नई' हा शब्द युनिकोडमध्ये सहा चिन्हांचा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, म्हणजे अठरा बाइट झाले. पत्त्यात प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि दोन अंक-अक्षरे असा लिहिला जातो, त्यामुळे या एका शब्दाची चोपन्न चिन्हे होतात. इथे दोन चुका वारंवार होतात. पहिली, आधीच एन्कोड केलेली किंमत लायब्ररीकडे पुन्हा देणे. मग टक्केचिन्हाचेच एन्कोडिंग होते आणि सर्व्हरला निरर्थक मजकूर मिळतो. दुसरी चूक मोबाइल क्रमांकाची. '+९१' मधील अधिकचिन्ह तसेच राहिले, तर अनेक सर्व्हर ते मोकळी जागा म्हणून वाचतात आणि शोधात ग्राहक सापडतच नाही.

पासवर्ड किंवा टोकन पत्त्यात घालू नये. पत्ते सर्व्हरच्या, प्रॉक्सीच्या आणि देखरेख करणाऱ्या साधनांच्या लॉगमध्ये जसेच्या तसे उमटतात. काही सेवा ठरावीक मुदतीची सही पत्त्यातच देतात. असा पत्ता किल्लीइतकाच गुप्त मानावा.

मेथड

गेट ही मेथड फक्त वाचण्यासाठी आहे. तिने सर्व्हरवर काही बदलू नये अशी अपेक्षा असते. पुट आणि डिलीट या मेथड एकदा पाठवल्या काय आणि दोनदा पाठवल्या काय, शेवटची स्थिती एकच राहते. पोस्टला अशी हमी नाही. २०१० मध्ये प्रमाणित झालेल्या पॅचलाही ती नाही.

मेथड निवडताना सेवेचा दस्तऐवज पाहावा, अंदाज बांधू नये. फ्रेशडेस्कमध्ये नवे तिकीट, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीची नोंद, पोस्टने तयार होते आणि यशस्वी झाल्यास २०१ हा आकडा येतो. तेच तिकीट बदलायचे असेल तर पुट वापरतात. ॲझ्युअर स्टोरेजमध्ये फाइल पुटने चढवतात. जोडणी मध्येच तुटली आणि तीच फाइल त्याच नावाने पुन्हा पाठवली, तर जुनीच्या जागी नवी बसते आणि दुसरी प्रत तयार होत नाही. फ्रेशडेस्कच्या तिकिटाचे तसे नाही. उत्तर येण्यापूर्वी जोडणी तुटली आणि प्रोग्रॅमने विचार न करता पुन्हा पोस्ट केले, तर ग्राहकाच्या एकाच तक्रारीची दोन तिकिटे होतात.

हेडर

बॉडी असलेल्या रिक्वेस्टमध्ये 'कंटेंट-टाइप' हे हेडर हवेच. फ्रेशडेस्कला जेसनऐवजी एक्सएमएल म्हणून मजकूर पाठवला, तर तो न वाचताच ४१५ हे उत्तर येते. उत्तर कोणत्या स्वरूपात हवे ते 'ॲक्सेप्ट' या हेडरमध्ये सांगावे. 'युझर-एजंट'मध्ये आपल्या प्रणालीचे नाव आणि आवृत्ती लिहावी. अडचण आली की सेवा देणाऱ्याच्या बाजूला नेमक्या रिक्वेस्ट शोधणे त्यामुळे सोपे होते.

काही हेडर त्या त्या सेवेची खास असतात. ॲझ्युअर स्टोरेजला साधी फाइल चढवताना 'एक्स-एमएस-ब्लॉब-टाइप' या हेडरमध्ये 'ब्लॉकब्लॉब' ही किंमत द्यावी लागते, आणि 'एक्स-एमएस-व्हर्जन'मध्ये एपीआयची तारीखवार आवृत्ती. ही आवृत्ती एका ठिकाणी स्थिरांक म्हणून ठेवावी, म्हणजे ती बदलण्याचा निर्णय जाणूनबुजून घेतला जाईल.

हेडरची नावे लहान लिपीत लिहिली काय आणि मोठ्या लिपीत काय, फरक पडत नाही. किंमतींना मात्र तो पडू शकतो. मराठी मजकूर हेडरमध्ये थेट घालू नये. हेडरच्या किंमती साध्या इंग्रजी अक्षरांपुरत्या ठेवाव्यात आणि मराठी नावे बॉडीत पाठवावीत. वापरकर्त्याने भरलेला मजकूर हेडरमध्ये घालावा लागलाच, तर त्यात नव्या ओळीचे चिन्ह नाही याची खात्री करावी. त्या चिन्हाच्या आडून नको ते हेडर घुसवता येते. हेच चिन्ह एका निरुपद्रवी वाटेनेही येते. टोकन फाइलमधून वाचले की शेवटची नवी ओळ त्याच्यासोबत येते आणि रिक्वेस्ट बांधतानाच अडकते. वाचल्याबरोबर दोन्ही टोकांची मोकळी जागा छाटावी.

ओळख पटवणे

पहिली पद्धत बेसिक. फ्रेशडेस्कमध्ये एपीआय की वापरकर्त्याच्या जागी घालतात आणि पासवर्डच्या जागी 'एक्स'सारखे कोणतेही अक्षर चालते. दोन्हींच्या मध्ये अपूर्णविराम देऊन तयार झालेला मजकूर बेस-६४ मध्ये बदलून 'ऑथोरायझेशन' या हेडरमध्ये ठेवतात. बेस-६४ ही कुलूपबंद लिपी नव्हे. ती कोणालाही क्षणात उलटवता येते. म्हणून अशी रिक्वेस्ट एचटीटीपीएसवरूनच जायला हवी. होस्टची सुरुवात एचटीटीपीएसने होत नसेल, तर बांधणाऱ्या फंक्शनने तिथेच एरर द्यावी.

दुसरी पद्धत टोकनची. झोहोच्या ओऑथमध्ये ॲक्सेस टोकन एक तास चालते आणि रिफ्रेश टोकन वापरून नवे मिळवता येते. सर्वसाधारण ओऑथ सेवांत टोकनच्या आधी 'बेअरर' हा शब्द लिहितात. झोहोच्या दस्तऐवजांत त्या जागी 'झोहो-ओऑथटोकन' असते. टोकन मिळाल्याची वेळ नोंदवून मुदत संपण्याच्या काही मिनिटे आधीच ते बदलावे. प्रत्येक रिक्वेस्टसाठी नवे टोकन मागू नये. ठरावीक वेळात किती टोकन देता येतील यावरही सेवेची मर्यादा असते. प्रोग्रॅमच्या अनेक प्रती एकाच वेळी चालत असतील, तर टोकन सर्वांना मिळून एका जागी ठेवावे.

तिसरी पद्धत सहीची. ॲझ्युअर स्टोरेजच्या 'शेअर्ड की' पद्धतीत आणि ॲमेझॉनच्या चौथ्या आवृत्तीच्या सहीत रिक्वेस्टचे भाग ठरावीक क्रमाने मांडून त्यांवर एचमॅक-एसएचए-२५६ने सही केली जाते. गुप्त किल्ली रिक्वेस्टमधून जातच नाही, फक्त सही जाते. यातून तीन नियम निघतात.

पहिला नियम, सही सर्वांत शेवटी करावी. सहीनंतर पाथमधली एक तिरपी रेघ वाढली किंवा सहीत धरलेले एखादे हेडर बदलले, तरी सर्व्हरकडची सही जुळत नाही. दुसरा, प्रदेशाचे नाव अचूक असावे. ॲमेझॉनच्या सहीत ते मिसळलेले असते. मुंबईचा प्रदेश २०१६ मध्ये आला आणि त्याचे नाव 'एपी-साउथ-१' आहे. हैदराबादचा २०२२ मध्ये आला आणि तो 'एपी-साउथ-२'. एका आकड्याच्या चुकीने सही फुकट जाते.

तिसरा नियम घड्याळाचा आहे, आणि भारतात तो विशेष लक्षात ठेवावा लागतो. ॲझ्युअर स्टोरेज पंधरा मिनिटांहून जुनी रिक्वेस्ट स्वीकारत नाही. तारीख ग्रीनिच वेळेत द्यायची असते. भारतीय वेळ त्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. स्थानिक वेळ घेऊन तिच्यापुढे 'जीएमटी' लिहिले, तर विकासकाच्या भारतीय वेळेवरच्या लॅपटॉपवर रिक्वेस्ट नाकारली जाऊ शकते आणि ग्रीनिच वेळेवर चालणाऱ्या क्लाउडमधील सर्व्हरवर तीच बिनबोभाट चालते. मग चूक किल्लीत आहे असे समजून भलतीकडेच शोध सुरू होतो. याच तारखेत वाराचे आणि महिन्याचे नाव इंग्रजीतच हवे. यंत्राची भाषा मराठी किंवा तमिळ असेल आणि तारखेचे फॉरमॅटिंग त्या भाषेप्रमाणे झाले, तर 'सोम' किंवा तत्सम शब्द हेडरमध्ये जाऊन बसतो. फॉरमॅट करताना भाषा स्पष्टपणे ठरवून द्यावी.

सही हाताने करण्यापेक्षा शक्य तिथे सेवेचे अधिकृत एसडीके वापरावे. तरीही सही कशी होते हे माहीत असावे, कारण सही न जुळल्याची तक्रार एसडीके वापरूनही येते आणि तिची कारणे बहुतेक वेळा वरच्या तिन्हींपैकीच असतात.

बॉडी

जेसन कधीही शब्द जोडून तयार करू नये. ग्राहकाच्या तक्रारीत एखादे अवतरणचिन्ह आले तरी असा जेसन मोडतो. आधी भाषेतील साधी रचना तयार करावी आणि तिचे जेसन लायब्ररीकडून करून घ्यावे.

फ्रेशडेस्कच्या तिकिटाची बॉडी जवळून पाहण्याजोगी आहे. तिच्यात ईमेल, विषय, वर्णन, स्टेटस आणि प्रायॉरिटी ही फील्ड असतात. स्टेटस २ म्हणजे उघडे तिकीट, ५ म्हणजे बंद. प्रायॉरिटी १ म्हणजे कमी, ४ म्हणजे तातडीची. हे आकडे जेसनमध्ये आकडे म्हणूनच जायला हवेत. वेब फॉर्ममधून आलेली किंमत अवतरणात तशीच पुढे ढकलली, की सेवा ४०० हा आकडा पाठवते आणि कोणत्या फील्डचा प्रकार जुळला नाही ते उत्तरात सांगते. ही माहिती उत्तराच्या बॉडीत असते. म्हणून लॉगमध्ये नुसता आकडा न ठेवता बॉडीही ठेवावी.

उलट चूक फोन क्रमांकाची. चेन्नईचा एसटीडी कोड ०४४ आहे. जेसनमध्ये शून्याने सुरू होणारा आकडा मुळात चालतच नाही, आणि आकडा म्हणून साठवला तर शून्य गळून ४४ उरतो. ज्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही असा प्रत्येक क्रमांक, म्हणजे फोन, पिनकोड, खाते क्रमांक, मजकूर म्हणूनच पाठवावा.

झोहो सीआरएममध्ये एकच नोंद पाठवायची असली तरी ती 'डेटा' नावाच्या यादीत ठेवावी लागते. एका रिक्वेस्टमध्ये शंभरपर्यंत नोंदी घालता येतात. हजार ग्राहकांसाठी हजार फेऱ्या मारण्याऐवजी दहा पुरतात. शंभरांपैकी काही नोंदी स्वीकारल्या जातात आणि काही नाकारल्या जातात असेही होते. त्यामुळे प्रत्येक नोंदीचा निकाल वेगळा तपासावा.

'कंटेंट-लेंग्थ' हे हेडर बाइट मोजते, अक्षरे नाही. 'मराठी' या शब्दात पाच युनिकोड चिन्हे आणि पंधरा बाइट आहेत. लांबी पाच लिहिली, तर सर्व्हर पाच बाइटवर थांबतो आणि दुसरे अक्षर मध्येच कापले जाते. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेणाऱ्याला ही चूक दिसत नाही, कारण तिथे एका अक्षराचा एकच बाइट होतो. लांबी मोजण्याचे काम लायब्ररीवर सोडावे आणि चाचणीत मराठी किंवा तमिळ मजकूर आवर्जून घ्यावा.

तिकिटासोबत फाइल जोडायची असेल तर बॉडी जेसन राहत नाही. ती 'मल्टिपार्ट' स्वरूपात जाते. या स्वरूपात दोन भागांमधील सीमाचिन्ह लायब्ररी स्वतः तयार करते आणि 'कंटेंट-टाइप'मध्ये लिहिते. ते हेडर हाताने लिहिले तर सीमाचिन्ह त्यात राहत नाही आणि सर्व्हरला भाग वेगळे करता येत नाहीत.

वेळमर्यादा आणि पुन्हा पाठवणे

प्रत्येक रिक्वेस्टला वेळमर्यादा हवी. पायथॉनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीत ती आपोआप लागत नाही, गो भाषेच्या नेहमीच्या क्लायंटलाही नसते. डॉटनेटच्या क्लायंटमध्ये ती शंभर सेकंद असते. मर्यादा नसलेली रिक्वेस्ट अडकली की तिच्यामागचा थ्रेडही अडकून राहतो. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा वादळ चेन्नईवर आले तेव्हा शहरातील वीज आणि दूरसंचार विस्कळीत झाले. अशा दिवशी जोडणी नीट तुटत नाही, ती नुसती गप्प होते. वेळमर्यादेचा खरा उपयोग तेव्हाच असतो.

पुन्हा पाठवायचे की नाही हे उत्तराच्या आकड्यावरून ठरवावे. ४०० आले तर रिक्वेस्टमध्येच चूक आहे. तीच पुन्हा पाठवून उपयोग नाही. ४०१ आले तर नवे टोकन घेऊन एकदाच पुन्हा पाठवावी. ४२९ म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त रिक्वेस्ट झाल्या. फ्रेशडेस्क अशा वेळी 'रिट्राय-आफ्टर' या हेडरमध्ये किती सेकंद थांबायचे ते सांगते आणि तेवढे थांबलेच पाहिजे. ५०० आणि त्यापुढील आकड्यांवर, किंवा उत्तरच आले नाही तर, दर वेळी थांबण्याचा काळ वाढवत आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवत मोजकेच प्रयत्न करावेत. पोस्टच्या बाबतीत आधीची नोंद तयार झाली आहे का ते पाहावे, किंवा सेवेने सोय दिली असेल तर तिचा उपयोग करावा. झोहो सीआरएमचा 'अपसर्ट' हा मार्ग ईमेलसारखे फील्ड पाहून नोंद असेल तर बदलतो आणि नसेल तरच नवी करतो.

पुन्हा पाठवताना जुना ऑब्जेक्ट वापरू नये. रिक्वेस्ट नव्याने बांधावी. डॉटनेट एकदा पाठवलेला ऑब्जेक्ट पुन्हा पाठवूच देत नाही. इतर भाषांत तशी मनाई नसली, तरी सहीतील वेळ शिळी झालेली असते, टोकन बदललेले असते आणि फाइलचा प्रवाह शेवटपर्यंत वाचून संपलेला असतो. त्यामुळे पुन्हा पाठवणाऱ्या कोडला तयार ऑब्जेक्ट न देता रिक्वेस्ट बांधणारे फंक्शन द्यावे.

कोडची रचना आणि तपासणी

प्रत्येक सेवेसाठी रिक्वेस्ट बांधणारा कोड एका जागी असावा. 'तिकीट तयार करण्याची रिक्वेस्ट', 'फाइल चढवण्याची रिक्वेस्ट' अशी कामाच्या नावाची छोटी फंक्शने लिहावीत. ती आत येणारी माहिती तपासतात, ऑब्जेक्ट बांधतात आणि परत देतात. नेटवर्कला हात लावत नाहीत. जावामध्ये २०१८ पासून, म्हणजे अकराव्या आवृत्तीपासून, यासाठी बिल्डर आहे. त्यातून निघालेला ऑब्जेक्ट नंतर बदलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पायथॉनच्या 'रिक्वेस्ट्स'मध्ये ऑब्जेक्ट तयार करून 'प्रिपेअर' केला, की अंतिम पत्ता, हेडर आणि बॉडी न पाठवता पाहता येतात.

चाचणीत प्रत्येक फंक्शनसाठी निदान एवढे तपासावे: मेथड योग्य आहे का, होस्ट कॉन्फिगरेशनप्रमाणे आहे का, मराठी मजकूर पत्त्यात आणि बॉडीत नीट एन्कोड झाला आहे का, आकडे आकडे म्हणून आणि फोन क्रमांक मजकूर म्हणून गेले आहेत का, तारीख ग्रीनिच वेळेत आहे का. या चाचण्यांना इंटरनेट लागत नाही, खरी किल्ली लागत नाही आणि त्या क्षणात पूर्ण होतात. सेवेच्या चाचणी खात्यावर प्रत्यक्ष पाठवून पाहणे त्यानंतर करावे.

किल्ल्या आणि टोकन कोडच्या साठ्यात ठेवू नयेत. ती पर्यावरण चलांतून किंवा क्लाउडच्या गुप्त तिजोरीतून यावीत. ॲझ्युअरमध्ये यासाठी 'की व्हॉल्ट' आहे. लॉगमध्ये रिक्वेस्ट लिहिताना 'ऑथोरायझेशन' हेडर झाकावे आणि ग्राहकाचा ईमेल व फोन गाळावा. त्याऐवजी मेथड, पाथ, उत्तराचा आकडा, लागलेला वेळ आणि सेवेने उत्तरात दिलेला रिक्वेस्ट क्रमांक लिहावा. ॲझ्युअर स्टोरेज हा क्रमांक 'एक्स-एमएस-रिक्वेस्ट-आयडी' या हेडरमध्ये देते. सेवेच्या मदत कक्षाकडे तक्रार करताना तो सोबत असला, की नेमकी कोणती रिक्वेस्ट बिघडली हे तिथल्या नोंदींत थेट शोधता येते.